ब्रॉडी की सल्लाह: विनोदी वळण कुणाला मानवलं?

साहसी पुरातत्त्वज्ञ इंडियाना जोन्सच्या (इंडीच्या) 1981 च्या पहिल्या चित्रपटात मार्कस ब्रॉडी हा शांत, वजनदार संग्रहालय-अधिकारी आहे. कराराच्या कोशाच्या, म्हणजे बायबलमधल्या पवित्र पेटीच्या, शोधाचं गांभीर्य त्याच्याच तोंडून कळतं. 1989 च्या तिसऱ्या भागात मात्र तो पुरता वेंधळा झालाय. गंमत रचलीय मोठ्या सफाईनं. 'त्याला डझनभर भाषा येतात, तो गर्दीत मिसळून गायब होईल,' अशी फुशारकी इंडी मारतो आणि लगेच कट: इस्केंदेरून शहराच्या गर्दीत टोपी घातलेला ब्रॉडी, इंग्रजी कुणाला येतं का, असं विचारत भांबावून फिरतोय. हसू येतंच. पण किंमत अशी, की 1981 चा ब्रॉडी मग खरा वाटेनासा होतो. ब्रॉडीच्या भूमिकेत डेनहोम एलियट होते म्हणून निभावलं.

इंडीचा इजिप्तमधला मित्र सल्लाहही सैल होतो, पण वेगळ्या रीतीनं. पहिल्या भागात तो इंडीनं उडवलेला विषारी खजूर हवेतच झेलून त्याचा जीव वाचवतो. तिसऱ्या भागात मेहुण्याच्या मोटारीची भरपाई म्हणून उंट घेऊन येतो. इथे विनोद त्याच्या व्यवहारी स्वभावातूनच निघतो, आणि मारामारीत तो आजही कामाचा माणूस आहे.

फरक नेमका इथे. ब्रॉडीची हुशारी काढून घेतली, सल्लाहची शाबूत ठेवली. त्यामुळे 2023 च्या पाचव्या भागात न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला झालेला सल्लाह उपरा वाटत नाही. 1984 च्या दुसऱ्या भागात दोघंही नाहीत, त्यामुळे ब्रॉडीतला बदल हळूहळू घडताना दिसतच नाही. थेट नवाच माणूस समोर येतो.