घरी न्यायचा प्रभुभोजनाचा संच: घ्या, पण पेटीवर भुलू नका

पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, नाताळात काय द्यायचं, हा विषय मंडळीत दरवर्षी निघतो आणि शाल, हार, पाकीट यावर येऊन थांबतो. गेल्या नाताळात बेळगावच्या आमच्या महिला मंडळानं शालीचे पैसे बाजूला ठेवले, त्यात थोडी भर घातली आणि घरोघरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून द्यायचा पावाचा तुकडा (भाकरी) आणि द्राक्षरस, न्यायचा छोटा संच मागवला. अंथरुणाला खिळलेल्या, जिना उतरता न येणाऱ्या, डोळ्यांनी दिसेनासं झालेल्या माणसांसाठी. तेव्हापासून तो सारखा वापरात आहे. मी निवृत्त नर्स. प्रभुभोजनाची तयारी, नंतरचं धुणंपुसणं आणि पाळकसाहेबांबरोबर भेटींना जाणं ही कामं माझ्याकडे असतात. आजूबाजूच्या मंडळ्यांतून "असला संच घ्यावा का, कसा आहे" अशी विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहिते.

घ्यावा. एवढं आधीच सांगून टाकते. फक्त घेताना चर्चच्या टेबलाचा विचार करू नका, आजाऱ्याच्या खाटेचा करा.

पेटी जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी लहान, बाहेरून काळं रेक्झिन, आत जांभळ्या मखमलीचं अस्तर आणि त्याखाली स्पंज. आत काचेचे सहा छोटे पेले, फिरकीच्या झाकणाची बाटली, भाकरीसाठी स्टीलची गोल डबी, एक लहान ताटली आणि पांढरा रुमाल. किंमत दोन हजारांच्या आत. दिसायला फार सुरेख. मंडळीसमोर उघडून दाखवला तेव्हा सगळ्यांना आवडला.

पेले काचेचे आहेत ही यातली सर्वांत चांगली गोष्ट. स्वस्तातल्या संचांत प्लॅस्टिकचे पेले येतात. ते उकळत्या पाण्यात टिकत नाहीत, त्यांना बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत काय राहतं ते डोळ्यांना दिसत नाही. माझ्या नोकरीतली इतकी वर्षं उकळण्या-निर्जंतुक करण्यातच गेली, त्यामुळे या बाबतीत मी तडजोड करत नाही. प्रत्येकाला वेगळा पेला ही पद्धतही मुळात आजारपणाच्या काळजीतूनच आली. अमेरिकेत ओहायो राज्यात जॉन थॉमस नावाचे गृहस्थ होते, डॉक्टरही आणि पाळकही. एकाच पेल्यातून सगळ्यांनी घेतल्यानं रोग पसरतील या चिंतेतून त्यांनी छोट्या पेल्यांचा संच बनवला आणि १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं. क्षय आणि घटसर्प घरोघरी असण्याचे ते दिवस. २०२० मध्ये करोना आला तेव्हा ही काळजी आपल्याला नव्यानं कळली.

आता दोष. मखमलीखालचा स्पंज चिकटवलेला आहे, काढून धुता येत नाही. द्राक्षरसाचे चार थेंब सांडले की आठवड्यात आंबूस वास सुटतो. एवढ्या एका कारणासाठी मी अर्धे गुण कापीन. आम्ही शेवटी सगळा स्पंज उपटून काढला आणि जुन्या सुती साडीचे घडी घातलेले तुकडे खाचांतून बसवले. दर वेळी काढून धुता येतात, उन्हात वाळतात. खानापूर रस्त्याच्या खड्ड्यांतून स्कूटर गेली तरी पेले वाजत नाहीत.

बाटलीचं झाकण दुसऱ्याच महिन्यात गळायला लागलं. कुकर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यानं त्याच्याकडची एक रबरी वायसर कापून बसवून दिली, तेव्हापासून ठीक आहे. पार्सल आलं तेव्हाच एका पेल्याला तडा होता. दुकानाला फोन केला तर सुटा पेला मिळत नाही, नवा अख्खा संच घ्या, असं उत्तर आलं. हे मला अजिबात पटलं नाही. काचेची वस्तू विकता, तर सुटा नग ठेवायला हवा. आम्ही भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा एक लहानसा पेला आणून त्या जागी ठेवला. आता तोच जास्त वापरला जातो, कारण त्याची कड जाड आहे आणि तो पकडायला सोपा आहे.

पकडण्यावरून आठवलं. मच्छेकडच्या एका घरी आम्ही जातो. आज्जींना कंपवात आहे. पहिल्यांदा हा संच घेऊन गेलो तेव्हा पाळकसाहेबांनी पेला पुढे केला, मी तो त्यांच्या ओठांशी धरायला हात पुढे नेला. आज्जींनी माझा हात हलकेच बाजूला केला. "माझ्या हातानं घेतो की गं," म्हणाल्या. बोटाएवढा पेला, गुळगुळीत काच आणि थरथरणारा हात. रस पांढऱ्या रुमालावर सांडला. त्या ओशाळल्या. पाळकसाहेब काहीच बोलले नाहीत, त्यांनी बाटलीतून पुन्हा अर्धा पेला भरला आणि थांबून राहिले. दुसऱ्या वेळी आज्जींनी दोन्ही हातांनी धरला, मी त्यांच्या कोपराखाली नुसता आधार दिला, आणि त्यांनी घेतलं. हल्ली त्यांच्याकडे जाताना तो जाड कडेचा स्टीलचा पेला आम्ही आठवणीनं नेतो. संच बनवणाऱ्यांनी कंपवाताचा एक जरी रुग्ण जवळून बघितला असता, तर पेले असे केले नसते.

गिळण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला चहा पितानाही ठसका लागतो. अशा माणसाच्या तोंडात पावाचा कोरडा तुकडा किंवा पातळ रस गेला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून मी आधी घरच्यांना विचारते: चहा पिताना खोकतात का? तोंडातून देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय का? चालणार असेल तर माणसाला नीट टेकून बसवायचं, हनुवटी थोडी खाली, पावाचा अगदी कणभर तुकडा रसात भिजवून चमच्यानं द्यायचा, आणि तो गिळल्याची खात्री होईपर्यंत पुढची प्रार्थना सुरू करायची नाही. नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. नाकात नळी असेल तर तोंडात काहीच नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही. पाळकसाहेब अशा वेळी आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि प्रभुभोजन शेजारी बसलेली बायको किंवा मुलगा घेतो. संचात चमचा नसतो. तुम्ही एक लहान स्टीलचा चमचा त्यात टाकाच.

रसाबद्दल थोडं. आम्ही मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) लोक न आंबवलेला रस वापरतो. द्राक्षाचा ताजा रस ठेवला की आपोआप आंबतो. तो तापवून, बाटलीत बंद करून टिकवायची युक्ती १८६९ साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं काढली, तेही मेथडिस्टच होते आणि प्रभुभोजनासाठीच त्यांनी ते केलं. आम्हाला विजापूरकडची द्राक्षं आणि मनुका हाताशी आहेत. मी रविवार पेठेतून काळ्या मनुका आणते, रात्रभर भिजत घालते, सकाळी उकळून कुस्करते आणि मलमलच्या फडक्यातून गाळते. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही. भेटीला निघताना बाटली अर्धीच भरायची. मधुमेह असलेल्यांना काळजी वाटते, पण पेल्यात जेमतेम दोन चमचे मावतात आणि आम्ही तोही अर्धाच भरतो.

माझ्या कॅथलिक शेजारणीच्या सासूबाईंकडे फादर किंवा सिस्टर येतात, एका चपट्या गोल डबीत परमप्रसाद (त्यांच्या प्रभुभोजनाची भाकरी) घेऊन. एवढं आटोपशीर आपलं होणार नाही, आपल्याकडे रसही न्यायचा असतो. तरी सुटसुटीतपणा म्हणजे काय ते त्या डबीवरून शिकण्यासारखं आहे.

हे सगळं लिहायचं खरं कारण पाळकांचं काम आहे. हा संच येण्याआधी शनिवारी सकाळी पाळकीणबाई स्वयंपाकघरातले पेले, औषधाची धुतलेली बाटली आणि टिफिनचा डबा जमवत बसायच्या. पाळकसाहेब ती पिशवी स्कूटरला अडकवून मच्छे, पिरनवाडी, कधी खानापूरपर्यंत एकटेच जायचे. दुसऱ्या दिवशी उपासना, संडेस्कूल, कमिटी. सोमवारची सुट्टी नावापुरती, कारण कुणाच्या घरी मयत झालं तर ते सोमवार बघून होत नाही. संचामुळे तयारी पाच मिनिटांवर आली, हा फायदा आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा हा की संच सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून पाळकांबरोबर एक माणूस जायला लागलं.

घरात एकटी बाई अंथरुणावर असेल तर पाळकाला आत जायला संकोच वाटतो. आजाऱ्याला आधी स्वच्छ करायचं असेल, कपडा बदलायचा असेल तर ते मी करते, तोवर ते बाहेर थांबतात. कधी घरातली भांडणं त्याच खोलीत उघडी पडतात, आणि ती ऐकून घ्यायला दोन माणसं असलेली बरी. परतीच्या वाटेवर कधीकधी पाळकसाहेब एक शब्द बोलत नाहीत, मीही त्यांना बोलतं करायला जात नाही. हॉस्पिटलात माझी पाळी संपली की मी पुढच्या सिस्टरला सगळं सांगायचे आणि घरी जायचे. पाळकाची पाळी कधी संपत नाही आणि सांगायला पुढचं कुणी नसतं.

म्हणून आम्ही पेटीच्या जोडीला एक वही केली. कोणाला ठसका लागतो, कोणाला जाड कडेचा पेला, कोणाला संध्याकाळी झोप लागते, कोणाला प्रार्थना मराठीत हवी आणि कोणाला कन्नडमध्ये. आपल्याकडे एकाच घरात सासऱ्यांना मराठी गीत हवं असतं आणि सुनेला कन्नड, दोन्ही गायचं. वही कपाटात कुलपात राहते, कमिटीत वाचली जात नाही. मेथडिस्टांच्या वार्षिक परिषदेत नेमणुका वाचल्या जातात आणि पाळकांची बदली होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. बेळगावात लंडन मिशन या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेनं १८२० साली काम सुरू केलं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं. एवढ्या काळात किती पाळक आले आणि गेले. आजारी माणूस मात्र त्याच गल्लीत, त्याच खाटेवर असतो. म्हणून संचाची आणि वहीची नोंद आम्ही मंडळीच्या मालमत्तेच्या यादीत केली. पाळकसाहेबांना शाल स्वतःबरोबर नेता येते, हा संच इथेच राहायला हवा, आणि ते त्यांनाही मान्य आहे.

मागवणार असाल तर आधी फोन करून विचारा: पेले काचेचे आहेत का, सुटे मिळतील का, आतलं अस्तर काढून धुता येतं का. तिन्हीला हो म्हणणारं दुकान सापडलं तर दोनशे रुपये जास्त द्या. नाही सापडलं तर घरच्या स्टीलच्या डब्यात असा संच स्वतः जमवा, मखमलीवाचून काही अडत नाही. आणि जिथे संच द्याल तिथे पेट्रोलचाही हिशेब धरा. आमचं महिला मंडळ आता भेटींच्या पेट्रोलसाठी दर महिन्याला वेगळी रक्कम काढून ठेवतं आणि ती पाळकसाहेबांना मागावी लागत नाही.