टेरियरचे राठ केस आणि स्ट्रिपिंग नाइफ : पुण्यातील वापरानंतरचे मत

राठ केसांच्या टेरियर कुत्र्यासाठी स्ट्रिपिंग नाइफ घेताना धार पाहून निवड करू नये, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. लाकडी मुठीचे आणि दातेरी पात्याचे हे लहानसे हत्यार केस कापण्यासाठी नसतेच; अंगठा आणि पाते यांच्या चिमटीत वरचे मेलेले केस धरून ते मुळापासून ओढून काढता यावेत (यालाच स्ट्रिपिंग म्हणतात), एवढेच त्याचे काम. आमच्या घरच्या राठ केसांच्या जॅक रसेल जातीच्या टेरियरवर ते पुण्याच्या तिन्ही ऋतूंत वापरून झाले असल्याने त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल.

या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढतील अशी कुत्री जोपासली, आणि चिखल, काटे व गारठा यांपासून त्यांचे रक्षण करण्याचे काम हा वरचा थर करत असे. पुण्यात कोल्ह्याच्या जागी घूस आली, तरी बिळात तोंड खुपसण्याची खोड तीच आहे, आणि पावसाळा संपल्यावर वेताळ टेकडीवर वाळलेल्या गवताची कुसळे व गोखरूचे काटे अंगाला लागतात तेव्हा राठ केस किती उपयोगी पडतात ते कळते. मऊ केसांत कुसळ रुतून बसते, राठ केसांतून ते ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत निघते.

हा राठपणा टिकवायचा असेल तर केस ओढूनच काढावे लागतात. केस कापण्याचे मशीन फिरवल्यास केसांचा जाड, गडद रंगाचा वरचा भाग कापला जातो, मेलेले बूड त्वचेतच राहते आणि काही महिन्यांत अंग मऊ व फिकट दिसू लागते. शहरातील एका ग्रूमिंग केंद्रात स्ट्रिपिंग करून मागितले असता सरळ मशीन फिरवण्यात आले आणि पाठीवरचे तांबूस डाग पुढचे कित्येक महिने मळक्या पांढऱ्या रंगाचे दिसत होते. त्यानंतर हे हत्यार घरी आणले.

नवा नाइफ खोक्यातून काढून थेट कुत्र्यावर चालवू नये. त्याच्या दात्यांना बहुधा कोरी धार असते आणि त्या धारेने केस निघण्याऐवजी तुटतात. जाणकार ग्रूमर पाते वापरण्यापूर्वी मुद्दाम बोथट करतात. आम्ही ते अंगणातल्या शहाबादी फरशीच्या कडेवर घासले आणि त्यानंतरच ते कामाचे झाले. पारख सोपी आहे : हातात आलेल्या झुबक्यातील केस पूर्ण लांबीचे असून बुडाशी फिकट होत गेलेले असतील तर काम योग्य चालले आहे, आणि बुडाशी सरळ छाटल्यासारखे दिसत असतील तर पाते कापते आहे किंवा मनगट वळते आहे. डाव्या हाताने त्वचा ताणून धरावी, थोडेच केस पकडावेत, ज्या दिशेने ते वाढतात त्याच दिशेने ओढावेत आणि मनगट अजिबात मुरडू नये. केस सुटण्यास आलेले असतील तर कुत्रा कुरकुरत नाही; तो वारंवार अंग चोरत असेल तर काही आठवडे थांबणे शहाणपणाचे. पोट, जांघ आणि मांडीची आतली बाजू येथे हे हत्यार लावूच नये. तेथे बोथट टोकाची कात्री पुरते.

पावसाळ्यात मात्र याची खरी परीक्षा होते. दमट हवेत केस बुळबुळीत होऊन पात्यातून निसटतात, म्हणून बोटांना आणि केसांना फळ्याच्या खडूची पूड चोळावी लागते. घरात कॅरमची पावडर हाताशी असली तरी ती वापरू नये, कारण ती बहुधा बोरिक ॲसिडची असते आणि कुत्रा अंग चाटल्याशिवाय राहत नाही. स्ट्रिपिंगपूर्वी आंघोळही घालू नये, कारण शाम्पूने केस मऊ पडतात. गोचिडांचा त्रास असलेल्या घरांत एक लाभ निश्चित आहे : मेलेले केस निघाल्यावर त्वचा दिसते आणि कानामागचे, बोटांमधले गोचीड लवकर सापडतात. मानेवर सोडायचे गोचिडांचे औषध मात्र त्याच दिवशी ताज्या, लालसर त्वचेवर घालू नये. त्यासाठी पशुवैद्यांना विचारून घ्यावे.

नाइफ जाड, मध्यम आणि बारीक दात्यांचे मिळतात. एकच घ्यायचा असेल तर पाठीसाठी जाड दात्यांचा घ्यावा, कारण डोके व कान यांचे काम रबरी बोटटोप्या घालून नुसत्या बोटांनीही होते, किंबहुना अधिक चांगले होते. डावखुऱ्यांसाठी वेगळे पाते असते, ते मागवताना पाहून घ्यावे. वेळ भरपूर लागतो, हा याचा सर्वांत मोठा दोष. एका बैठकीत सगळे अंग उरकण्याचा हट्ट धरल्यास माणूस आणि कुत्रा दोघेही वैतागतात. दर आठवड्याला थोडे थोडे केस काढत गेल्यास अंग कायम एकसारखे राहते.

गुळगुळीत केसांच्या जॅक रसेलला याची गरज नाही, त्याला रबरी ब्रश पुरेसा आहे. नसबंदीनंतर केस फार मऊ झालेल्या, वयस्कर किंवा त्वचाविकार असलेल्या कुत्र्याला मशीनच सोसते, तेथे राठपणाचा आग्रह धरू नये. बाकी सर्व राठ टेरियरसाठी हा नाइफ घेण्यासारखा आहे. फक्त आषाढ-श्रावणात पाते दोन दिवसांत गंजते, म्हणून वापर झाल्यावर ते कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा आणि पुढच्या वेळी तेल पूर्ण पुसूनच कुत्र्याला हात लावावा.