दोनशे मेगापिक्सेल की पन्नास? उत्तर घरातल्या ट्यूबलाइटखाली आहे

मावसभावाने दादरच्या दुकानातून फोन केला. "ताई, एक दोनशे मेगापिक्सेलवाला आहे, एक पन्नासवाला. दोन्ही तीस हजारांच्या आत. कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी सांग, फोटो कुणाचे काढणार? उत्तर मला माहीतच होतं. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, एक ट्यूबलाइट, आणि तिच्या उजेडात क्षणभरही एका जागी न थांबणारी दीड वर्षांची लेक. फोनच्या कॅमेऱ्याची याहून कठीण परीक्षा नाही. तिथे पास होणारा कॅमेरा मरीन ड्राइव्हवर पास होतोच, उलट मात्र होईलच असं नाही.

आधी मेगापिक्सेल. दोनशेवाला फोन रोजचा फोटो दोनशेचा काढतच नाही. शेजारचे १६ पिक्सेल, म्हणजे उजेड टिपणारे ठिपके, एकत्र करून तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. पन्नासवाला ४ पिक्सेल एकत्र करतो आणि तोही साडेबाराचाच देतो. भर उन्हात सीएसएमटीच्या दगडी कोरीवकामाचा फोटो काढून त्यातली एकच आकृती मोठी करून बघायची असेल, तर दोनशेचा फायदा दिसतो. खोलीत नाही.

खोलीत कामाला येतो तो सेन्सरचा, म्हणजे लेन्समागच्या उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार, आणि तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधीच नसतो. तीन सेन्सर घ्या, तिन्ही ५० मेगापिक्सेलचे. स्वस्त फोनमधला सॅमसंगचा जेएन१ हा १/२.७६ इंचाचा, त्याचा एकेक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मधल्या किमतीत खूप वापरला गेलेला सोनीचा आयएमएक्स७६६ हा १/१.५६ इंचाचा, पिक्सेल १ मायक्रॉनचा. गूगलच्या २०२१ च्या 'पिक्सेल ६' या फोनमधला १/१.३१ इंचाचा, पिक्सेल १.२ मायक्रॉनचा. इंचांच्या अपूर्णांकात रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. पहिल्यापेक्षा तिसऱ्याचं क्षेत्रफळ साधारण साडेतीनपट आहे. म्हणजे लेन्सचं एफ (तिचं तोंड किती उघडं आहे ते सांगणारा आकडा) सारखं असेल, तर ज्या फोटोला पहिल्याला १/३० सेकंद लागतो, तेवढाच उजेड तिसरा साधारण १/१०० सेकंदात गोळा करतो. १/३० सेकंदात टाळ्या वाजवणाऱ्या मुलीचे हात पुसट येतात. १/१०० मध्ये बोटं दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

"पण नाइट मोड आहे ना?" आहे, आणि तो उत्तमही असतो, फक्त स्थिर गोष्टींसाठी. एकामागून एक बरेच फोटो काढून ते एकमेकांवर बसवायचे, असं त्याचं काम. रात्रीचा सी-लिंक, रोषणाई केलेलं मखर यांना तो छान. ढोल-ताशा पथकाला नाही, आणि रांगत्या मुलाला तर नाहीच. ओआयएसचंही तसंच. लेन्स सूक्ष्म हलवून तो तुमच्या हाताचा कंप सांभाळतो, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. तरी ओआयएस नसलेला फोन मी कुणाला सुचवणार नाही. चालत व्हिडिओ काढताना आणि संध्याकाळच्या कमी उजेडात तो हवाच.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती कुठल्याही तक्त्यात सापडत नाही: माणसाचा रंग. आमच्या आत्याचा वर्ण सावळा, तुकतुकीत. एका हळदीला काढलेल्या घरच्या फोटोत फोनने तिला तीन छटा गोरी केली आणि गालांवरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही मी नाही गं." मला ते अजून लागतं. तो फोटो उद्या भिंतीवर लागणार, नातवंडं आत्याला तशीच लक्षात ठेवणार. वर्षानुवर्षं कॅमेरे गोऱ्या त्वचेच्या मापाने जुळवले गेले. गूगलने पिक्सेल ६ पासून 'रिअल टोन' नावाने सावळ्या-काळ्या त्वचेसाठी वेगळं काम सुरू केलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. फोन कुठलाही घ्या, 'ब्युटी' पहिल्याच दिवशी शून्यावर आणा. शून्यावर आणूनही चेहरा गोरा होत असेल, तर तो फोन सोडा, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

झूमचं मात्र ज्याचं त्याने ठरवावं. थंडीत शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील, तर तिप्पट-पाचपट ऑप्टिकल झूमची वेगळी लेन्स लागतेच. नुसता डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं. तीस हजारांत झूम आणि मोठा सेन्सर दोन्ही हवे असतील, तर दोन वर्षं जुना, त्या वेळचा महागडा फोन खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावा. बॅटरी किती उरली आहे आणि सॉफ्टवेअर अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे विचारून घ्या. माझ्या भावाला झूम नको होता.

२ मेगापिक्सेलची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स असली काय, नसली काय. वाइड लेन्स लहान खोलीत कामाची, पण तिचा सेन्सर बारीक असतो, म्हणून रात्री मुख्य कॅमेराच वापरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे काही एलईडी दिवे प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि मंडपातल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येतं का बघा. फोनवर लिहिलेल्या आयपी६८ या पाणी-धूळरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्याची असते, गिरगाव चौपाटीच्या लाटांची नाही.

दुकानात पाच मिनिटं मागून घ्या. काउंटरवरच्या झगझगीत दिव्यांपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात जा. सोबतच्याला चेहऱ्यासमोर हात हलवायला सांगा आणि साध्या मोडमध्ये लागोपाठ पाच फोटो काढा. मोठे करून बोटं मोजा. मग गोऱ्या आणि सावळ्या दोघांना शेजारी उभं करून एक फोटो काढा आणि स्क्रीन त्यांच्याच चेहऱ्याशेजारी धरून बघा. भावाने हेच केलं. पन्नासवाल्याच्या पाचपैकी चार फोटोंत बोटं मोजता आली, दोनशेवाल्याच्या एकात.