स्लीव्ह की बायपास? माझा निकाल विटांनी लावला

वजन उतरवायला आम्ही दोघांनी जठराचं ऑपरेशन करून घेतलं: माझं बायपास झालं, मावसभावाची स्लीव्ह. मध्ये चारच महिन्यांचं अंतर. दोन्ही दुर्बिणीतून. भोकं तेवढीच, घरी सोडलं तेही तिसऱ्या दिवशी. वजन दोघांचंही उतरलं, माझं थोडं जास्त, पण त्यावर पैज लावू नका.

स्लीव्ह सुटसुटीत. जठराचा जवळपास ८० टक्के भाग काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची, आतड्याला हात नाही. सर्जनने मलाही आधी तीच सुचवली होती.

घोडं अडलं जळजळीपाशी. रात्री दोनच्या सुमारास आंबट पाणी घशाशी यायचं, ठसका लागायचा, उठून बसावं लागायचं. आधी तीन उशा, मग पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. बायको म्हणायची, "घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटतं." एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज निघाली. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि ॲसिड वर चढतं. बायपासमध्ये वर जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते, ती थेट लहान आतड्याला जोडतात. ॲसिड आणि पित्त खालच्या वाटेने जातं. फिनलंडमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासात १० वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के आढळला. हे मी नंतर वाचलं. स्लीव्हचं पुढे बायपास करता येतं म्हणे, पण दोनदा टेबलावर जायचं कशाला?

बायपासची झेंगटंही आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. गुडघा कितीही ठणकला तरी ब्रुफेन नाही, पिशवी-आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, तंबाखूचंही तेच. अक्षय्य तृतीयेला घाईत चार चमचे आमरस खाल्ला, तर पंधरा मिनिटांत घामाघूम, छातीत धडधड, सोफ्यावर आडवा. याला डंपिंग म्हणतात. समोर भाऊ त्याची अर्धी वाटी निवांत संपवत होता.

तेव्हा जळजळ नसेल, सांधेदुखीच्या गोळ्यांवाचून चालत नसेल किंवा रोजच्या गोळ्या विसरायची सवय असेल, तर स्लीव्ह बरी, असं आपलं मला वाटतं. पण रात्री उशा रचत असाल, तर एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्लीव्हला होकार देऊ नका.

माझ्या विटा आता गच्चीत कुंड्यांखाली आहेत. त्यातल्या दोन परवा मावसभाऊ मागून घेऊन गेला.