निवडणुकीचे परिचयपत्रक: दादरच्या एका छापखान्याविषयी

महापालिकेच्या शाळेतील शाळा व्यवस्थापन समितीसाठी पालक म्हणून उभे राहताना मी माझे परिचयपत्रक दादर पश्चिमेच्या एका जुन्या छापखान्यात छापून घेतले, आणि काही उणिवा धरूनही असे काम तेथेच द्यावे, असे माझे मत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे पत्रक वाचणारे पालकच, तेही मुलाला शाळेत सोडून लोकल गाठण्याच्या घाईत असलेले. हे ओळखून मालकांनी माझा दोन पानी मजकूर ए-५ आकाराच्या एका बाजूवर आणला. माझ्या मसाल्याच्या व्यवसायाचे बोधचिन्ह मात्र त्यांनी काढायलाच लावले. ‘‘ताई, हे राहिलं तर लोकांना जाहिरात वाटेल,’’ असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी ‘शाळेला मी कोणताही माल पुरवणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत घातले गेले. (इतका परखड सल्ला पैसे मोजूनही सहसा मिळत नाही.)

तक्रार आहे ती अक्षरजुळणीची. मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरे विस्कटली, ‘विद्यार्थी’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला आणि दुसरे प्रूफ मागितल्यावर ऑपरेटरने कपाळाला आठ्या घातल्या. प्रूफ कागदावरच तपासावे, व्हॉट्सअ‍ॅपवरील चित्रावर विसंबू नये. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ, दर वाजवी. गाडी लावायला जागा नाही, यूपीआय चालते.