लास व्हेगासमध्ये एकट्या मोटारप्रवाशाचा एक दिवस: स्ट्रिप की फ्रीमाँट स्ट्रीट?

कॅलिफोर्निया, ॲरिझोना किंवा युटाहून स्वतः गाडी चालवत आलेल्या आणि लास व्हेगाससाठी जेमतेम एक दिवस व एक रात्र काढू शकणाऱ्या प्रवाशाला सर्वांत आधी मुक्कामाचा भाग ठरवावा लागतो. एका बाजूला लास व्हेगास बुलेव्हार्डवरची सुमारे पावणेसात किलोमीटर लांबीची झगमगती स्ट्रिप आहे, तर दुसऱ्या बाजूला तिच्या उत्तरेला, मूळ गावाच्या मध्यभागी, फ्रीमाँट स्ट्रीट आहे. कागदोपत्री पाहिले तर स्ट्रिपचा बहुतेक भाग लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. तिथे क्लार्क काउंटीचा कारभार चालतो. एखादा मोठा रंगमंचीय प्रयोग पाहणे हाच येण्यामागचा हेतू असेल तर स्ट्रिप निवडावी, अन्यथा फ्रीमाँट स्ट्रीट, असे माझे मत आहे. त्याची कारणे बहुतांशी गाडीशी आणि एकट्याने येण्याशी निगडित आहेत.

गाडीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण एकट्या प्रवाशाकडे दुसरा चालक नसतो. कॅसिनोत खेळणाऱ्याला मद्य फुकट आणून दिले जाते, फक्त वेटरला बक्षिसी द्यायची असते. आणि नेवाडात रक्तातील मद्यार्काचे प्रमाण 0.08 टक्के झाले की गाडी चालवणे गुन्हा ठरतो. म्हणून दुपारी एकदा गाडी उभी करून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्याकडे फिरकायचे नाही, हा एकच शहाणपणाचा मार्ग उरतो. एमजीएम समूहाने 2016 मध्ये स्ट्रिपवरच्या आपल्या हॉटेलांत पार्किंगसाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि पुढे इतर मोठ्या हॉटेलांनीही तीच वाट धरली. शिवाय तिथली वाहनतळे इतकी प्रचंड आहेत की गाडीपासून रस्त्यावर पोहोचण्यातच बराच वेळ जातो. फ्रीमाँट स्ट्रीटच्या आसपासही पार्किंग सरसकट फुकट नाही. मात्र अनेक कॅसिनोंत खेळल्यास किंवा जेवल्यास तिकीट प्रमाणित करून काही तासांची सवलत मिळते, आणि गाडीपासून मुख्य रस्ता अक्षरशः दोन मिनिटांवर असतो. गाडी कुठेही लावली तरी मजला आणि खांबाचा क्रमांक यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे. आठवण करून द्यायला सोबत कोणी नसते.

चालण्याच्या बाबतीत स्ट्रिप नवख्याला हमखास फसवते. समोर दिसणारे हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटते, पण त्याचे प्रवेशद्वार, मधले पादचारी पूल, सरकते जिने आणि कॅसिनोच्या आतून मुद्दाम वळवलेल्या वाटा यांत अर्धा तास सहज निघून जातो. या पुलांवर रेंगाळून छायाचित्रे काढण्याचीही आता सोय राहिलेली नाही, कारण काउंटीने 2024 च्या सुरुवातीला पुलांवर थांबण्यास मनाई केली. पूर्व बाजूने मोनोरेल धावते, पण तिची स्थानके हॉटेलांच्या मागच्या अंगाला आहेत. याउलट फ्रीमाँट स्ट्रीटचा वाहनमुक्त भाग सुमारे 420 मीटर लांब, 27 मीटर उंच अशा कमानदार छताखाली येतो. जुलैमध्ये दुपारचे सरासरी कमाल तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या दिवसांत या सावलीची किंमत कळते.

जुगाराची तुलना मात्र जरा सविस्तर करायला हवी, कारण दोन्ही ठिकाणी खेळ तेच दिसत असले तरी त्यांचे नियम सारखे नाहीत. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचे उदाहरण घेऊ. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा गुणांचे पान आले की ब्लॅकजॅक लागला असे म्हणतात. पत्ते वाटले जातात त्या टेबलावरच्या कापडावर, डीलरच्या पुढ्यात, एक ओळ कमानीच्या आकारात छापलेली असते: ब्लॅकजॅक लागल्यास तीनास दोन, किंवा सहास पाच. दहा डॉलर लावले असतील तर पहिल्या टेबलावर पंधरा डॉलर मिळतात, दुसऱ्यावर बारा. फरक किरकोळ भासतो. पण साधारण 21 डावांत एकदा ब्लॅकजॅक लागतो आणि तासाला साठेक डाव होतात, असे धरले तर दहा डॉलरच्या खेळातही तासाला आठ-नऊ डॉलर केवळ त्या छापील ओळीपायी जातात. स्ट्रिपवर कमी रकमेच्या टेबलांवर सहास पाच हाच दर सर्रास आढळतो, आणि तीनास दोन हवे असेल तर बहुधा किमान बाजीची रक्कम वाढवावी लागते. फ्रीमाँटच्या बाजूला, विशेषतः 1941 पासून चालू असलेल्या एल कोर्टेझसारख्या जुन्या कॅसिनोत, कमी रकमेतही बरे नियम मिळण्याची शक्यता अधिक असते. रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळाचेही तसेच आहे. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा फायदा 2.70 टक्के, दोन शून्यांच्या चाकावर 5.26 टक्के, तर स्ट्रिपवर आता जागोजागी दिसणाऱ्या तीन शून्यांच्या चाकावर 7.69 टक्के असतो. खुर्चीवर बसण्यापूर्वी कापडावरची ओळ वाचावी आणि चाकावरची शून्ये मोजावीत, एवढी पाहणी केली तरी पुरेसे आहे. खेळणाऱ्याचे वय 21 पूर्ण असावे लागते. परदेशी प्रवाशाने पासपोर्ट जवळ ठेवावा.

एकट्या माणसाला या टेबलांवर ओळखी करून घेणे जमते का, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कमी किमान बाजीच्या टेबलावर लोक निवांत बसतात, डीलर बोलका असतो, आणि शेजाऱ्याने सहज विचारपूस केली तर कोणाला वावगे वाटत नाही. स्ट्रिपवरच्या भारी टेबलांवर असा मोकळेपणा क्वचितच भेटतो. स्लॉट मशिनसमोर तर सगळेच एकटे असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

दिवसा पाहण्यासारखे काय आहे, या कसोटीवर फ्रीमाँटची बाजू माझ्या दृष्टीने स्पष्टपणे वरचढ ठरते. जिथे 1950 मध्ये संघटित गुन्हेगारीवरील सिनेट समितीची सुनावणी झाली, त्या 1933 सालच्या न्यायालय व टपाल कचेरीच्या इमारतीत 2012 पासून मॉब म्युझियम आहे. कॅसिनोंचा पैसा आणि गुन्हेगारी टोळ्या यांचे नाते तिथे नीट उलगडून दाखवले आहे. त्याच्या उत्तरेला निऑन म्युझियममध्ये बंद पडलेल्या हॉटेलांच्या जुन्या पाट्या उघड्या आवारात मांडून ठेवलेल्या आहेत. रंग उडालेली, माणसापेक्षा उंच, रिकाम्या दिव्यांच्या खोबण्या असलेली ती अक्षरे जवळून पाहिली की नेवाडात 1931 मध्ये जुगार कायदेशीर झाल्यानंतर हे शहर किती वेळा मोडून पुन्हा उभे केले गेले, याची कल्पना येते. दोन्ही संग्रहालये एकट्याने, आपल्या गतीने पाहण्याजोगी आहेत. ज्यांना साहस हवे त्यांच्यासाठी स्लॉट मशिनच्या आकाराच्या बारा मजली मनोऱ्यावरून छताखालून तारेवर घसरत जाण्याची सोयही आहे. स्ट्रिपवर दिवसा वातानुकूलित दालने, दुकाने आणि बेलाजिओ हॉटेलातील फुलांची सजावट पाहता येते. ती सुंदर असते आणि विनामूल्यही, पण तासाभरात पाहून होते. स्ट्रिपच्या दक्षिण टोकाजवळचे पिनबॉल हॉल ऑफ फेम मात्र अपवाद आहे. जुन्या यंत्रांची आवड असलेला माणूस तिथे सुटी नाणी संपेपर्यंत रमतो.

अंधार पडल्यावर पारडे फिरते. बेलाजिओच्या तलावातील कारंजी 1998 पासून संगीताच्या तालावर नाचत आहेत, संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी त्यांचा खेळ होतो आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या स्फिअर या अवाढव्य गोलाची बाहेरची प्रकाशचित्रेही रस्त्यावरून फुकट दिसतात. तिकीट काढून पाहायच्या प्रयोगांत एकट्याला एक मोठा फायदा मिळतो: जोड्यांनी आरक्षण झाल्यावर मधली सुटी राहिलेली एकेक खुर्ची बऱ्याचदा शेवटच्या दिवशीही उपलब्ध असते. सर्क दु सोलेयच्या कसरतींसारखे भव्य प्रयोग स्ट्रिपवरच होतात, आणि त्यांना तोलामोलाचे असे फ्रीमाँटवर काही नाही. तिथे आहे ते छतावरचे विनामूल्य प्रकाशचित्रांचे खेळ, उघड्यावरचे संगीत, आणि वेषभूषा करून उभे असलेले कलाकार, ज्यांच्यासोबत छायाचित्र काढले की पैसे द्यावे लागतात, हे आधीच गृहीत धरावे. गोंगाट प्रचंड असतो. रस्त्याकडे तोंड असलेली खोली घेतली तर झोपेची आशा सोडावी.

सुदैवाने निवड करणे म्हणजे दुसऱ्या भागावर पाणी सोडणे नव्हे. ड्यूस ही दुमजली बस दोन्ही भागांना जोडते आणि चोवीस तास चालते. फ्रीमाँटला गाडी लावून, दिवस तिथे घालवून, रात्री बसने स्ट्रिपवर जाऊन कारंजी पाहून परतणे सहज शक्य आहे. फक्त सायंकाळच्या वाहतुकीत बस रखडते, म्हणून प्रयोगाचे तिकीट असल्यास किमान दीड तास आधी निघावे. फ्रीमाँटचा छताखालचा भाग रात्रीही गजबजलेला असतो, परंतु छत संपल्यावरच्या आडगल्ल्यांत उगाच एकट्याने भटकू नये.

खोलीच्या भाड्याबाबत एवढेच सांगता येईल की दोन्हीकडे भाड्याखेरीज रोजचे रिसॉर्ट शुल्क लागते. मे 2025 पासून अमेरिकेत हे शुल्क धरूनच जाहिरातीत किंमत दाखवणे बंधनकारक झाले असल्याने तुलना करणे आता सोपे आहे. शुक्रवार-शनिवार टाळले तर दोन्ही भागांत दर बरेच उतरतात.

दुसऱ्या दिवशी कोणत्या दिशेला जायचे आहे, याचाही विचार मुक्काम ठरवतानाच करावा. युटामधील झायन राष्ट्रीय उद्यानाकडे, हूवर धरणाकडे किंवा उत्तरेला बीटी गावामार्गे डेथ व्हॅलीकडे जायचे असेल तर फ्रीमाँटहून महामार्ग लगेच हाती लागतो. लॉस एंजेलिसकडे परतणाऱ्याला स्ट्रिपवरून आय-15 हा महामार्ग सोयीचा पडतो. मात्र रविवारी दुपारी त्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाला परतणाऱ्यांची मैलोन्मैल रांग लागते, तेव्हा एक तर भल्या पहाटे निघावे किंवा सोमवारपर्यंत थांबावे.