महाशीरसाठी प्रवासी फ्लाय रॉड: चार तुकडी की सहा तुकडी?
उत्तराखंडच्या रामगंगेत सोनेरी महाशीर माशाला स्ट्रीमर (छोट्या माशासारखं दिसणारं, गळावर बांधलेलं नकली आमिष) टाकायचा तर ९ फुटी, ८-वेट (म्हणजे ८ नंबरच्या वजनाची दोरी फेकणारा) ग्राफाइट फ्लाय रॉड, म्हणजे गळाची काठी, हवा. इथवर वाद नाही. चार तुकड्यांचा रॉड साधारण ३० इंची नळीत मावतो, त्यामुळे विमानात बहुधा चेक-इनला जातो. सहा तुकडी २० इंचांच्या आसपास, केबिन बॅगेत बसते. पण सांधे तीनाऐवजी पाच! जड स्ट्रीमर फेकताना सांधे फिरून सैल होतात आणि रॉड तिथेच चिरतो. म्हणून अधूनमधून प्रत्येक सांधा चाचपायचा, आत जाणाऱ्या टोकाला मेणबत्तीचं मेण चोळायचं. एवढा उपद्व्याप नको असेल, तर सरळ चार तुकडी घ्या. उरल्या पैशात शेंड्याचा जादा तुकडा. शिशाच्या डोळ्यांचा स्ट्रीमर मात्र दोन्हींचा वैरी: रॉडवर आदळून बारीक टवका उडतो, आणि रॉड मोडतो पुढच्या माशावर.